अकरा खिळ्यांची पट्टी

"कोनती?" तानुबाईने विचारलं.

पडवीत दाराच्या दोन फळ्या शेजारी शेजारी उताण्या निजवल्या होत्या. जुना साग, पेठेतल्या पडलेल्या एका घराच्या तुळयांतून काढलेला, साठ वर्षं वाळलेला. लढाई सुरू झाल्यापासून ब्रह्मदेशचा साग एरंडोलला दिसेनासा झाला होता आणि खिळे तर औषधालाही मिळत नव्हते. या दारासाठी तानुबाईने जुने खिळे गोळा करून ऐरणीवर एकेक सरळ केला होता. आता राहिली होती फक्त मधली पट्टी, दोन फळ्यांची फट झाकणारी. पुरुषभर उंच, अंगावर वेल, आणि शेंड्याला कमळ. ती हातात धरून तानुबाई फळ्यांच्या पायथ्याशी उकिडवी बसली होती. तिचा नवरा तोताराम समोर, फळ्यांच्या डोक्याकडे, लाकडी चौरंगावर टेकून बसला होता.

"हाई," तोतारामने डाव्या हाताचं बोट दाखवलं. उजवा हात मांडीवर पडलेला होता, एक वर्षापासून तसाच. "डावी."

तानुबाईचा हात थांबला.

तोतारामच्या घराण्याची एक रीत होती. दुकानाचं किंवा घराचं दार करायचं तर बाहेरून आत शिरताना उजवी फळी आधी उघडली पाहिजे. लक्ष्मी उजव्या अंगाने येते, असं त्याचा बाप सांगायचा, आणि बापाला त्याच्या बापाने सांगितलेलं. दार आत उघडायचं, पट्टी बाहेरच्या अंगाला. ज्या फळीवर पट्टी ठोकली ती फळी अडकून बसते आणि दुसरी आधी उघडते. म्हणून पट्टी नेहमी डाव्या फळीला. इतकी साधी गोष्ट. चाळीस वर्षांत तोतारामच्या हातून एकही दार उलटं गेलेलं नव्हतं.

पण डावी म्हणजे कुणाची डावी? कमळ तानुबाईला सुलटं दिसत होतं, तोतारामला उलटं. त्याच्या डाव्या हाताला जी फळी होती, ती दार उभं राहिल्यावर उजवी होणार होती.

"काय देखी ऱ्हायनी? ठोक ना," तोताराम म्हणाला. अंगावरून वारं गेल्यापासून त्याची जीभ जड झाली होती, पण हुकूम सोडायला ती अजून पुरत होती.

बोलावं, असं तिच्या मनात आलं. अगदी ओठांवर आलं. पण दोनच दिवसांपूर्वी उंबरठ्याच्या खाचेचं माप तिने त्याला सांगितलं होतं, की तुम्ही म्हणता त्यापेक्षा बोटभर अलीकडे हवं. मोजून पाहिलं तर तिचंच खरं निघालं. त्या दिवशी तोताराम दोन वेळा जेवला नाही. भाकरी ताटात वाळत पडली आणि तो भिंतीकडे तोंड करून निजला. माणसाचा हात गेला तेव्हा तो रडला नव्हता, पण खाच चुकली म्हणून त्याचा घास उतरेना. आता पुन्हा त्याची चूक दाखवायची?

चाळीस वर्षांचा सुतार आहे, त्याला कळत नाही आणि मला कळतं, असं कसं होईल. माझंच काहीतरी उलटं बघणं होत असेल. असं तिने स्वतःला समजावलं, आणि समजावताना आपण समजावतोय हेही तिला ठाऊक होतं. तिने पट्टी त्याने दाखवलेल्या फळीवर ठेवली, गिरमिटाने भोकं पाडली, आणि अकरा खिळे ठोकले. प्रत्येक खिळ्याचं टोक आधी हातोडीने हलकंसं बोथट केलं होतं, कारण धारदार टोक लाकूड चिरत जातं आणि बोथट टोक वाट करत जातं. हे तिला तोतारामनेच शिकवलेलं.

*

आता हे प्रकरण सुरू कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल, सुतारीण कुठली दार करायला लागली.

तानुबाई या घरात आली तेव्हा तेरा वर्षांची होती. तेव्हापासून तिचं काम ठरलेलं होतं. मोठ्या करवतीचं दुसरं टोक धरायचं आणि सामत्याची दोरी ओढायची. सामता म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. एकाने वरून दाबून धरायचं, दुसऱ्याने त्याला गुंडाळलेल्या दोरीची दोन टोकं आळीपाळीने ओढायची, की पातं गरगर फिरतं. दाबणारा तो मिस्त्री, ओढणारा तो बिगारी. तानुबाई तीस वर्षं बिगारी होती. तीस वर्षं समोर बसून एखादी गोष्ट पाहिली की ती शिकायची राहते थोडीच. पण वाकस, रंधा, पटाशी यांना तिने कधी हात लावला नव्हता. दसऱ्याला त्यांना कुंकू लावायची तेवढीच. बाईने वाकस उचलला तर औत शेतात चालत नाही, अशी गावात बोलवा होती. औताला हे कुणी सांगितलं होतं देव जाणे.

मग गेल्या उन्हाळ्यात तोतारामच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. लेक प्रमिला बोदवडला दिलेली, ती येऊन महिनाभर राहिली आणि तिच्या संसाराला परत गेली. पडवीत रूपचंद पाटलांची पेरणीची पाभर अर्धी होऊन पडलेली होती, आणि पेरणी महिन्यावर. पाटलांचा माणूस रोज येऊन विचारून जायचा.

एका दुपारी तानुबाईने रंधा उचलला. तोतारामला वाटलं, झाडायला उचलला. तिने तो पाभरीच्या खोडावर ठेवला आणि ढकलला. रंधा दोन बोटं जाऊन खचकन अडकला.

तोतारामने अडकलेल्या रंध्याकडे पाहिलं. मग जड जिभेने म्हणाला, "लाकूडले इचार. मंग हात लाव."

"कसं इचारू?"

"हात फिराव. मांजरना पाठवर फिरावतस तसा."

तिने तळवा फिरवला. एका अंगाने लाकूड मऊ लागलं, दुसऱ्या अंगाने टोचलं. मऊ लागलं त्या बाजूने रंधा लावला, तर पहिला छिलका सुटला तो पडवीच्या कडेपर्यंत गुंडाळत गेला. तानुबाई त्या छिलक्याकडे पाहत राहिली. तिला आतून इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. नवरा असा पडलेला आणि आपल्याला बरं वाटतं, म्हणजे काय.

तेव्हापासून तो सांगायचा आणि ती करायची. लाकडाला बोटाने ठोकून ऐक, पोकळ असेल तर ते लपवत नाही. खाच एका अंगाने आरपार पाडू नको, अर्धी इकडून, अर्धी तिकडून, नाहीतर पलीकडचा काठ फुटतो. पटाशीची धार नखावर टेकवून बघ, सरकली तर बोथट, रुतली तर खरी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवसांत केलेल्या दाराला ज्वारीच्या दाण्याएवढी फट सोड, पावसाळ्यात लाकूड फुगलं की ते स्वतःच ती भरून काढतं. तिने सगळं केलं. आणि पडवीला त्यांनी गोणपाटाचा पडदा लावला.

लोकांना तोताराम सांगायचा की त्याने डाव्या हाताला काम शिकवलंय, बायको नेहमीसारखी हाताखाली असते. लोक माना डोलवायचे. पडद्याआडून रंध्याचा आवाज यायचा आणि तोताराम तर पडद्याबाहेर ओट्यावर पान कुटत बसलेला असायचा, तरी लोक माना डोलवायचे. गावाला सगळं कळतं, गाव बोलत नाही इतकंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाटलांची पाभर चांगली चालली, रूपचंद पाटील येऊन म्हणाले, "नाना, हात गया पन हातोटी नही गयी," आणि तोताराम हसला. पडद्याआड तानुबाई हे ऐकत होती. हातोटी कुणाची, असं तिला विचारावंसं वाटलं नाही असं नाही. पण कुणाला विचारणार?

एक गोष्ट मात्र तिला सलत होती. सामता वर्षभर खुंटीला टांगलेला होता. तो चालवायला दुसरं माणूस लागतं, म्हणून ती प्रत्येक भोक गिरमिटाने मनगट पिळत पाडायची. तोतारामचा डावा हात चांगला होता, डावा पाय चांगला होता. त्याने मनात आणलं असतं तर दोरी ओढता आली असती. पण दोरी ओढणारा तो बिगारी. त्याने कधी विषय काढला नाही, आणि तिनेही नाही. तिचं मनगट रात्री ठणकायचं, एवढंच.

*

दार होतं हीरालाल शेठांच्या नव्या दुकानाचं. कापडाचं दुकान, पुढे दुकान आणि मागे घर. आखाजीला, म्हणजे शेठांच्या बोलीतल्या आखातीजेला, सूर्योदयाला दार उघडायचा मुहूर्त. आदल्या दिवशी दुपारी रूपचंद पाटलांच्या गाडीतून दार पेठेत नेलं. तोताराम गाडीत बसला होता, तानुबाई पदर घेऊन गाडीमागून चालत होती.

फळ्या चौकटीत बसवायचं काम पंडित मिस्त्रीकडे होतं. तो धुळ्याकडून आलेला, टेबलाशी उभा राहून काम करणारा नव्या ढंगाचा माणूस, आणि शेठांच्या दुकानातली मांडणी तोच करत होता. त्याने बिजागऱ्या लावल्या, फळ्या चढवल्या. पट्टी पाहून तो क्षणभर थांबला. तानुबाईने त्याला थांबताना पाहिलं. पण तो काही बोलला नाही. सुतार सुताराची चूक पाहतो तेव्हा त्याच्या तोंडाला जी चव येते, ती दवडायची त्याला घाई नव्हती.

मग झमकूबाई आल्या. हीरालाल शेठांची आई, सत्तरीच्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण नजर अशी की कापडातला एक धागा इकडचा तिकडे झाला तर त्यांना कळावा. त्यांनी आधी लांबून दार पाहिलं. कमळावरून बोट फिरवलं. कुसू, म्हणजे लाकडाची पुढे काढलेली जीभ, जिथे खाचेत बसला होता तिथे नख घालून पाहिलं. नख आत गेलं नाही.

"काम चांगलं आहे हो नाना," त्या म्हणाल्या. "केस जायला जागा नाही."

तोतारामने मान हलवली. तानुबाई गाडीच्या चाकाशी उभी होती. तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

झमकूबाईंनी रीतीप्रमाणे उजव्या फळीला हात लावला आणि ढकललं. फळी हलली नाही. त्यांनी पुन्हा ढकललं. पट्टी डाव्या फळीवर अडकून कटकट वाजली. मग त्यांनी डावी फळी ढकलली, आणि ती लोण्यासारखी उघडली.

दुकानात मांडणीसाठी खिळे मोजणारा माणूस थांबला. हीरालाल शेठ आतून बाहेर आले.

"हे काय? डावी आधी उघडते?"

"असं दिसतंय खरं," पंडित मिस्त्री म्हणाला. "मला वाटलं नानांनी मुद्दाम काही नवी रीत काढली असेल. नाहीतर नानांच्या हातून असं व्हायचं नाही."

शेठ शिकलेले होते, पण मुहूर्ताच्या आदल्या दिवशी कुणीच शिकलेलं नसतं. त्यांचा चेहरा उतरला. "नाना, तुमच्या वडिलांनी आमच्या जुन्या पेढीचं दार केलं. ते आजही उजवं उघडतं. म्हणून तर मी तुमच्याकडे आलो. लोक मला सांगत होते, नानांना आता होत नाही, दुसरीकडे दे. मी म्हटलं, नाना म्हणजे नाना."

तोताराम गाडीची कड डाव्या हाताने धरून बसला होता. त्याचं तोंड आधीच एका बाजूला ओढलेलं, ते आणखी ओढलं गेलं. तो दाराकडे पाहत होता. कमळ आता त्यालाही सुलटं दिसत होतं, आणि त्याच्या लक्षात सगळं आलं होतं, हे तानुबाईला तिथूनच कळलं.

"हाई मनं काम नही," तोताराम म्हणाला. "तिनं शे. तिनीच करं."

सगळे वळून तानुबाईकडे पाहायला लागले.

वर्षभर हे शब्द ऐकायला तिचे कान आसुसले होते. एकदा तरी त्याने कुणासमोर म्हणावं, हिने केलंय. पाभरीच्या वेळी म्हणावं, पाटलांच्या पलंगाच्या वेळी म्हणावं. त्याने म्हटलं ते असं. बोट त्याचं होतं, डावी म्हणणारी जीभ त्याची होती, आणि तिने तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं की मला यांनी दाखवलं. एक वाक्य. ते खरंही होतं.

पण मग दार कुणाचं झालं असतं? बोट त्याचं तर काम त्याचं, आणि आपण पुन्हा दोरी ओढणारी. चूक त्याला देऊन टाकली तर वर्षभराचं सगळं त्याच्याबरोबर गेलं असतं, छिलका गेला असता, पाभर गेली असती, नख न शिरणारा कुसूही गेला असता.

ती चाकापासून पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हाव," ती म्हणाली. "हाई दार मी करेल शे. बठ्ठं मी करेल शे. पट्टी चुकनी, ते बी मीच चुकाडी. माले ठोकताना समजेल व्हतं, तरी ठोकी."

हे शेवटचं वाक्य तिने तोतारामकडे न पाहता म्हटलं. त्याला ते पोचलं. त्याची मान खाली गेली.

"बाईनं?" शेठ म्हणाले. "माझ्या दुकानाचं दार बाईनं केलं?"

"आणि तू आत्ता म्हणत होतास छान झालंय म्हणून," झमकूबाई म्हणाल्या.

"मी नाही, तू म्हणालीस, मा."

"मग मी म्हणाले. खोटं बोलले का?" झमकूबाईंनी काठी दाराला टेकवली. "हीरा, सूर्य अजून दोन हात वर आहे. वाद घालायचा तर घाल, नाहीतर दार होऊ दे. जिनं बिघडवलं तिनं सुधारावं. पंडितला दिलंस तर तो उद्या दुपारी देईल आणि आठ दिवस गावभर सांगेल."

पंडित मिस्त्री पेटीतली हत्यारं लावायला लागला, म्हणजे ते खरं असावं.

शेठांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे. "करा," ते म्हणाले.

*

फळ्या बिजागऱ्यांवरून उतरवून दुकानासमोर रस्त्यातच निजवल्या. तानुबाई या वेळी पायथ्याशी बसली आणि आधी डाव्या फळीवर खडूने एक मोठी खूण केली, सगळ्यांना दिसेल अशी. मग पटाशी आणि हातोडी घेऊन पट्टी सोडवायला लागली. पट्टी उपटली तर फुटते. म्हणून पटाशी आडवी घालून, खाली लाकडाचा तुकडा ठेवून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तिळतिळ उचलत जायचं. अकरा खिळे सुटले, त्यातले दोन वाकले. तिने ते तिथेच दगडावर सरळ केले. पेठेतली माणसं जमली होती. कुणी काही बोलत होतं, ते तिला ऐकू येत नव्हतं. तिला एवढंच जाणवलं की इतका उजेड कामावर तिने वर्षभरात पाहिला नव्हता. पडद्याआड सगळं करडं दिसायचं. इथे सागाची शीर न् शीर दिसत होती.

पट्टीतली जुनी भोकं आता उपयोगाची नव्हती. ती उजव्या कडेला होती, आणि खिळे यायला हवे होते डाव्या कडेला. कमळ उलटं करून चालणार नव्हतं. म्हणजे पट्टीला अकरा नवी भोकं, फळीला अकरा, आणि जुनी सागाच्या खुंट्यांनी बुजवायची. वाळलेला साग, त्याला गिरमिट लावलं तर एका भोकाला किती वेळ लागतो हे तिचं मनगट जाणून होतं. सूर्य कापसाच्या जिनाच्या धुराड्यापर्यंत उतरला होता.

"सामता शे का?" तिने पंडित मिस्त्रीला विचारलं.

"आहे."

"द्या. आन दोरी वढाले या."

पंडितने पेटीतून सामता काढून तिच्यासमोर ठेवला. पण तो खाली बसला नाही. "हत्यार नेऊ शकता," तो म्हणाला. "पण बाई सामता दाबणार आणि मी दोरी ओढणार? मला उद्या या पेठेत काम करायचंय."

तानुबाईने जमलेल्यांकडे पाहिलं. कुणी पागोटं सारखं करायला लागलं, कुणाला घरचं काम आठवलं. तिने गिरमिट उचललं. होतील तेवढी होतील.

तेवढ्यात गाडीकडे काही तरी पडल्याचा आवाज आला. तोताराम गाडीतून उतरत होता. उतरत कसला, सरकत होता. डाव्या हाताने गाडीचा दांडा धरून त्याने अंग खाली सोडलं, उजवा पाय ओढत, डाव्या पायावर रेटत तो धुळीतून तिच्यापर्यंत आला. कुणी हात द्यायला पुढे झालं तर त्याने मानेनेच नको म्हटलं. येऊन तो तिच्यासमोर बसला नाही. फळ्यांना वळसा घालून तिच्या शेजारी आला, तिच्या डाव्या अंगाला, आणि तिच्यासारखाच दाराकडे तोंड करून खाली टेकला. त्याला धाप लागली होती.

तानुबाईने गिरमिट बाजूला सारलं. सामत्याचं टोक पट्टीवर ठेवलं आणि वरची वाटी तळव्याने दाबून धरली. तोतारामने दोरीचं एक टोक वाकून डाव्या पायाच्या अंगठ्याला अडकवलं. दुसरं डाव्या हातात घेतलं. हाताने ओढलं, पायाने ओढलं. पहिल्यांदा दोरी घसरली. दुसऱ्यांदा सामता डगमगला.

"हळू," तानुबाई म्हणाली. "सरळ वढा. तिरपी वढशात ते भोक तिरपं जाई."

हे ती तीस वर्षं त्याच्याकडून ऐकत आली होती, अगदी याच शब्दांत. तोतारामने दोरी सरळ केली. हात, पाय, हात, पाय. पातं गरगरलं, आणि भोकातून सागाचा पिवळा भुसा उसळून त्याच्या मांडीवर पडायला लागला.

पट्टीची अकरा झाली. मग फळीची पाळी आली.

"कोनती?" तोतारामने विचारलं.

खडूची खूण समोर ढळढळीत होती, आंधळ्यालाही दिसली असती. तरी त्याने विचारलं, आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल एवढ्याने विचारलं.

"हाई," तानुबाईने बोट दाखवलं.

दिवेलागणीला दार चौकटीत चढलं. झमकूबाईंनी उजवी फळी ढकलली, ती उघडली. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. अकरा खुंट्या हाताला लागत नव्हत्या, पण डोळ्यांना दिसत होत्या, नव्या लाकडाच्या, फिकट.

"ह्या दिसणार," शेठ म्हणाले.

"दिसू दे," झमकूबाई म्हणाल्या.

परत जाताना तानुबाई गाडीमागून चालली नाही. पाय चालत नव्हते, म्हणून गाडीत बसली. गाडी अंजनी नदीच्या पुलावर आली.

"बोट मनं व्हतं," तोताराम म्हणाला.

"माले माहीत शे."

"मंग तठेच बोलनी कसाले नही? ठोकाना आधी."

"उंबरठानी खाच सांगी तव्हय तुम्ही दोन टाईम जेवनात नही."

तोतारामच्या डाव्या पायाचा अंगठा दोरीने सोलवटला होता. तानुबाईने पदराच्या टोकाने त्याच्यावरची माती पुसली.

*

दुसऱ्या दिवशी आखाजी. सुताराच्या घरी त्या दिवशी हत्यार हलत नाही. प्रमिला माहेरी यायची होती, म्हणून तानुबाई पहाटेपासून पुरण वाटत होती. पडवीतून काही फाटल्याचा आवाज आला तशी ती हात न धुताच बाहेर आली.

तोतारामने गोणपाटाचा पडदा डाव्या हाताने ओढून खाली पाडला होता. अर्धा खिळ्यांसकट आला होता, अर्धा वरच लोंबत होता. रस्त्यावरून पाण्याला चाललेल्या बायका थांबून पाहत होत्या. पडवीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत गेलं होतं.

"कसाले काढं?"

"उजेड येस नही," तोताराम म्हणाला.

वर लोंबणाऱ्या तुकड्याला त्याचा हात पुरत नव्हता. तो तिने काढला. त्याने गोणपाट मांडीवर घेतलं, एका हाताने जमेल तशी त्याची घडी घातली, दोनदा विस्कटली, पुन्हा घातली. मग सरकत जाऊन जिथे ती कामाला बसायची तिथे, फळ्यांच्या पायथ्याच्या जागी, ती घडी अंथरली. आपला चौरंग पलीकडून ओढून आणला आणि तिच्या शेजारी ठेवला. खुंटीवरचा सामता काढून त्याच्या दोरीची गाठ तो एका हाताने आणि दातांनी सोडवायला लागला, दोरी नवी घालायची म्हणून. सणाचा दिवस आहे, हत्याराला हात लावू नका, असं तानुबाई म्हणणार होती. ती म्हणाली नाही. पुरणाने भरलेले हात तसेच घेऊन ती थोडा वेळ उन्हात उभी राहिली, आणि मग आत गेली.